कोरफड : कशी लावावी, कुठे लावू नये

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर सभासदांची व्याख्याने झाली. त्यांपैकी मार्च महिन्यातील व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्त्या कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिका असून सोसायटीच्या अगदी सुरुवातीपासूनच्या सभासद आहेत.)



समितीनं मला विषय दिला, ‘घरची कोरफड आणि त्वचेची निगा’. मी म्हटलं, बोलते, पण माझी एक अट आहे. कोरफडीचे फायदे सांगेन तसं आमच्या घरी कोरफडीपायी काय झालं तेही सांगेन. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, समारंभाचं वर्ष आहे, थोडं चांगलंच बोला. मी म्हटलं, जे खरं आहे तेच चांगलं आहे. तेव्हा आज दोन्ही ऐका.

मागच्या आठवड्यात जिना चढता-उतरता मी एक काम केलं. आपल्या चोवीस घरांपैकी किती घरांत कोरफड आहे ते मोजलं. पंधरा घरांत निघाली. कुठे कुंडीत, कुठे रंगाच्या रिकाम्या डब्यात, आणि दोन घरी दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली. नजर लागू नये म्हणून टांगतात, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नजरेचं मला सांगता येणार नाही, पण वनस्पतिशास्त्राची शिक्षिका म्हणून एवढं सांगते की ती टांगलेली कोरफड माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन् महिने हिरवी राहते. असं का होतं, हे कळलं की ती कुंडीत कशी वाढवायची हे अर्धं कळलं.

बाकीची बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यात त्यांचं पाणी उडून जातं. कोरफड ती छिद्रं दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि दिवसा उजेडात वापरते. म्हणून पहाटे कापलेल्या पानाचा गर दुपारच्या गरापेक्षा जरा आंबट असतो. मूळची ही अरबस्तानातली. तहान सोसणं तिच्या रक्तातच आहे. आपण मात्र तिला रोज सकाळी तुळशीसारखं तांब्याभर पाणी घालतो आणि मग म्हणतो, ‘मॅडम, आमची कोरफड सडून राहिली.’

आता पानाकडे येऊ. कोरफडीच्या एका पानात दोन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि आजच्या भाषणातली पहिली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पान आडवं कापा आणि नीट बघा. बाहेर हिरवी जाड साल. सालीच्या लगेच खाली पिवळा, कडू, चिकट चीक. आणि मधे काचेसारखा पारदर्शक गर. गर म्हणजे शंभरात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग पाणीच असतं. उरलेल्या थोडक्या भागात लांब साखळीच्या शर्करा असतात, त्यामुळे तो बुळबुळीत लागतो आणि त्वचेवर ओलावा धरून ठेवतो. चीक ही अगदी वेगळी वस्तू. त्यात अलॉइन नावाचं द्रव्य असतं. ते जोरदार रेचक आहे, आणि कित्येकांच्या त्वचेला ते झोंबतं, खाज आणतं.

आपल्या आज्या-पणज्यांना ही दोन द्रव्यं नावानं माहीत नव्हती, पण फरक पक्का माहीत होता. बाळाचं अंगावरचं दूध सोडवायचं असलं की आई छातीला कोरफडीचा कडू चीक लावायची. बाळ तोंड वाकडं करायचं. आणि हाच चीक आटवून वाळवला की होतो काळा बोळ. इतवारीत जडीबुटीच्या दुकानात आजही काळे चकचकीत खडे मिळतात. मुका मार लागला की तो उगाळून लेप द्यायचे. म्हणजे चिकाची कामं वेगळी, गराची वेगळी. आयुर्वेदात हिला कुमारी, घृतकुमारी म्हणतात. आपले हिंदीभाषक शेजारी ग्वारपाठा म्हणतात. नावं कितीही असोत, चेहऱ्याला लावायचा तो फक्त गर.

आपल्याच सोसायटीतली एक मुलगी, तिला विचारूनच सांगते आहे, तिनं मोबाइलवर कुठेतरी बघितलं आणि पान तोडून तसंच अर्धं फाडून गालावर घासलं. दोन तासांत गाल लालभडक झाले. तिची आई धावत माझ्याकडे आली. मी पान बघितलं तर कडांना पिवळा चीक तसाच होता. थंड पाण्यानं तोंड धुवायला लावलं, दुसऱ्या दिवशी उतरलं. कोरफड वाईट नव्हती. पान नुसतं साफ केलेलं नव्हतं.

याहून मोठी चूक म्हणजे झाडच भलतं असणं. आपल्या मागच्या कंपाउंडला लागून जी निळसर हिरव्या, टोकाला काळा काटा असलेल्या पानांची रांग आहे, तिला अर्धी सोसायटी कोरफड म्हणते. ती घायपात आहे. तिचं पान मोडायला जाल तर मोडत नाही, आतून धागे निघतात, कारण घायपातीचे तर दोर वळतात. तिच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तो अंगाला लागला की आग होते, फोडही येतात. कोरफडीचं पान कडांना बारीक दातेरी असतं, पण ते काटे मऊ असतात. पान वाकवलं की कट्‌कन मोडतं आणि आत धागा नाही, गर निघतो. फूल आलं तर लांब दांड्यावर पिवळ्या नळीसारख्या फुलांचा तुरा येतो. ओळख पटत नसेल तर मला हाक मारा, पण ओळखीशिवाय कुठलंही पान अंगाला लावू नका.

आता लावायची कशी ते सांगते.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मनीषनगर म्हणजे गावाबाहेर. पलीकडे शेतं होती, पावसाळ्यात चप्पल चिखलात रुतून बसायची, आणि बर्डीला जायचं तर रेल्वेच्या फाटकावर हमखास थांबावं लागायचं. तो चिखल आठवतो का? तीच आपली विदर्भाची काळी माती. कापसाला, तुरीला उत्तम. पाणी धरून ठेवते, हाच तिचा गुण. आणि कोरफडीसाठी हाच तिचा दोष. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. आपल्या आवारातली माती उचलून कुंडीत भरली की पहिल्याच पावसाळ्यात कोरफड बुडातून पिचते. पंधरापैकी निम्म्या घरी मला तेच दिसलं.

म्हणून कुंडी अशी भरा. मातीचीच कुंडी घ्या, दहा-बारा इंचांची, बुडाला छिद्र असलेली. छिद्रावर खापराचा तुकडा आणि वर दोन मुठी विटांचे तुकडे. मग एक भाग माती, एक भाग जाड रेती आणि अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. रेती बांधकामाची चालते, फक्त धुऊन घ्या. मूठभर ओलं मिश्रण हातात दाबून बघा. लाडू वळला तर रेती कमी आहे. दाबून सोडल्यावर सुटलं तर बरोबर.

कोरफडीला बियांपासून वाढवायच्या भानगडीत पडू नका. मोठ्या झाडाच्या बुडाशी पिल्लं येतात. चार-सहा इंचांचं पिल्लू मुळासकट हलक्या हातानं वेगळं करा. जिथं तुटलं तो भाग तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या आणि मगच लावा. लावल्यावर लगेच पाणी घालू नका, आठवडाभर थांबा. माणसाला हे जमत नाही, हात शिवशिवतो, मला माहीत आहे.

पाण्याचा नियम बोटाचा. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही. आपल्याकडच्या हवेत साधारण उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, हिवाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी पाणी लागतं. पावसाळ्यात कुंडी सज्जाखाली सरकवा आणि पाणी विसरून जा. पानं बारीक होऊन आत वळायला लागली तर ती तहानलेली. बुडाशी पिवळी, मऊ पडली तर पाणी जास्त झालं. तहानलेली कोरफड चार दिवसांत भरून येते. सडलेली क्वचितच परत येते.

उन्हाचं वेगळं सांगावं लागतं, कारण पुस्तकात लिहिलेलं असतं ‘भरपूर ऊन द्या’. पुस्तक लिहिणाऱ्यानं नवतपा बघितलेला नसतो. मे २०१३ मध्ये आपल्या नागपुरात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. तसल्या उन्हात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ठेवलेली कोरफड लालसर-तपकिरी होते, गर आटतो. मरत नाही, पण पानं कामाची राहत नाहीत. एप्रिल ते जूनच्या पावसापर्यंत सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरे. नंतर सावली किंवा ग्रीन नेट. कुंडीखाली दोन विटा ठेवा म्हणजे फरशीचा ताप लागत नाही.

आणखी तीन गोष्टी. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडत जातं आणि क्षार मागे राहतात, ते मुळांना बाधतात. शिवाय काही जण त्यात वासाचं औषध टाकतात. दुसरी, कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. आपल्याकडे डेंग्यू दरवर्षी डोकं वर काढतो, आणि त्याच्या डासाला बशीभर स्वच्छ पाणीसुद्धा पुरतं. तिसरी, पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून काढा. जे पान अंगाला लावायचं आहे त्यावर कीटकनाशक फवारू नका.

पान कधी कापायचं? झाड किमान दोन वर्षांचं होऊ द्या. सगळ्यात खालचं, बाहेरचं, जाड झालेलं पान घ्या. एका वेळी एक, फार तर दोन. धारदार सुरीनं बुडाशी कापा. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. पान कापलेली बाजू खाली करून वाटीत उभं ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. वाटीत पिवळा चीक उतरलेला दिसेल. तो फेकून द्या. पान धुवा. दोन्ही काटेरी कडा कापा, वरची साल सोला, गर चमच्यानं न खरवडता सुरीनं अखंड काढा, आणि तो गर पुन्हा वाहत्या पाण्यात धुवा. पिवळेपणा दिसला तर अजून धुवा.

लागेल तेवढाच काढा. घरच्या गरात टिकवणारं औषध नसतं. फ्रिजमध्ये झाकून दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही. रंग गुलाबीसर झाला, पातळ झाला, वास आला की टाकून द्या. आणि पहिल्यांदा लावणार असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस थांबा. काही जणांना स्वच्छ गराचीही ॲलर्जी असते.

आता तो कशाला लावायचा? उन्हानं भाजलेली, ताणलेली त्वचा. घामोळ्या. डास चावून सुटलेली खाज. दाढी केल्यावरची जळजळ. थंडीत फुटलेले हातपाय. आणि स्वयंपाकघरातला किरकोळ चटका. यात कोरफड थंडावा देते, ओलावा देते, आणि माझ्या अनुभवात चांगलं काम करते. दुपारी बाहेर जाण्याआधी लावली की ऊन बाधत नाही, असं मात्र समजू नका. उन्हासाठी दुपट्टा, टोपी, छत्रीच हवी.

चटक्याबद्दल जरा थांबून सांगते. कुकरची वाफ लागली, तेल उडालं, तर पहिलं काम कोरफड नाही, बर्फ नाही, टूथपेस्ट तर नाहीच नाही. पहिलं काम पाणी. साधं गार पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस मिनिटं. अंगठी, बांगडी लगेच काढा, नंतर सूज येते. आता आपली अडचण काय? मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चहासारखं येतं. भाजलेल्या हातावर ते धरून काय होणार? म्हणून उन्हाळ्यात मी न्हाणीघरात सावलीला एक झाकलेली बादली भरून ठेवते. माठातलं पाणी वापरा, पिण्याच्या पाण्याची फिकीर तेव्हा करू नका. वीस मिनिटांनी, फोड फुटलेला नसेल, जागा लहान असेल, तरच वरून स्वच्छ गर. तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, चेहरा, डोळे, सांधे किंवा नाजूक जागा असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, जागा पांढरी पडली किंवा दुखतच नसेल, तर पाणी आणि मग थेट दवाखाना. गर लावायचा नाही.

‘पण मॅडम, संशोधन काय म्हणतं?’ असं मला आपले इंजिनिअर लोक विचारतात. विचारायलाच पाहिजे. भाजण्याबद्दल २००७ साली थायलंडच्या संशोधकांनी आधीच्या चार अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत मिळून ३७१ रुग्ण होते. वरवरच्या भाजण्यात कोरफडीनं जखम सरासरी नऊएक दिवस लवकर भरलेली दिसली. अभ्यास लहान होते, पण दिशा चांगली होती. सोरायसिसचं बघा. १९९६ च्या एका अभ्यासात कोरफडीच्या मलमानं खूप फायदा दिसला, आणि २००५ साली डेन्मार्कमध्ये बघितलं तर नुसत्या औषधाविना मलमानं कोरफडीपेक्षा थोडं बरंच काम केलं. आणि १९९१ चा एक अमेरिकेतला अभ्यास आहे, तो मी फार उशिरा वाचला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके उघडलेल्या, चिघळलेल्या २१ बायकांचा. नेहमीच्या मलमपट्टीनं जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले. ज्यांना कोरफडीचा जेल लावला त्यांना ८३ दिवस. म्हणजे तीच कोरफड वरच्या चटक्याला मदत करते आणि खोल जखमेत उशीर करू शकते.

हा अभ्यास मी उशिरा वाचला असं म्हटलं. का, ते आता सांगते. पहिल्या रांगेत आमचे हे बसले आहेत. परवा मी त्यांना विचारलं, सांगू का? ते म्हणाले, सांग, नाहीतर भाषणच करू नको.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. ह्यांना शुगर सोळा-सतरा वर्षांची. पावसाळी सँडल नवीन घेतल्या होत्या, त्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला घासल्या आणि एक फोड आला. बारकासा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. ह्यांना दुखत नव्हतं. मला त्याचं बरं वाटलं. आज कळतं की दुखत नव्हतं हीच धोक्याची घंटा होती. बऱ्याच वर्षांच्या शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात. ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, त्याची जखम दुखणार कशी?

मी कोरफड लावायला लागले. अगदी नीट, तुम्हाला आता सांगितलं तशी. चीक काढून, दोनदा धुऊन, सकाळ-संध्याकाळ. गर वाळला की त्याची पातळ चकचकीत पापडी धरते. वरून जखम कशी स्वच्छ दिसायची! शेजारी विचारायचे, मी अभिमानानं सांगायची. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पट्टी बदलताना वास आला. संध्याकाळी ह्यांना थंडी वाजून ताप आला. रात्री रुग्णालयात नेलं तेव्हा पापडीखाली पू होता आणि तो आत हाडापर्यंत गेला होता. चौथ्या दिवशी ते बोट काढावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी म्हटलं, कोरफड लावत होते. मला वाटलं, ते रागावतील. ते म्हणाले, ‘ताई, हे कोरफडीनं झालेलं नाही, अकरा दिवसांनी झालं. पहिल्या दिवशी आले असते तर मलमपट्टी आणि गोळ्यांवर भागलं असतं.’

बत्तीस वर्षं मी मुलांना कोरफडीच्या पानाचा छेद फळ्यावर काढून दाखवला. झाड मला माहीत होतं. माणसाचा पाय माहीत नव्हता, आणि झाड माहीत आहे म्हणून बाकीचंही माहीत आहे असं मी धरून चालले. नंतर कितीतरी महिने मी ती कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. ह्यांनीच ती परत खाली आणली. म्हणाले, त्या झाडाचा काय दोष?

हे मी आज का सांगते? कारण दिवाळीच्या सुमारास आपल्याच इमारतीतला एक मुलगा माझ्याकडे पान मागायला आला. म्हणाला, आजीच्या घोट्याला जखम झाली आहे, तुमची कोरफड फार चांगली आहे म्हणतात. मी विचारलं, आजीला शुगर आहे का? हो म्हणाला. मी पान दिलं नाही. चप्पल घातली, त्यांच्या घरी गेले आणि आजींना रिक्षात बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेले. आजी आज इथे बसल्या आहेत, दोन्ही पायांवर. त्यांना माझा तेव्हा राग आला होता. आता नाही ना, आजी?

म्हणून कुठे लावू नये ते पाठ करा. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची कुठलीही जखम, कितीही लहान असो. शस्त्रक्रियेचे टाके. खोल जखम, गंजलेल्या लोखंडाची जखम, कुत्र्या-मांजराचा चावा. पू, वास, वाढती लाली, ताप. दोन आठवड्यांत न भरणारं काहीही. गजकर्ण, ज्याला आपण दाद म्हणतो, ते बुरशीचं असतं, त्याला बुरशीचंच औषध लागतं. कोरफडीनं खाज थोडी थांबते आणि दाद घरभर पसरते. दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूबही त्यावर लावू नका, ती तर दाद आणखी हट्टी करते.

आणि एक चट्टा खास लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा लालसर डाग आहे, खाजत नाही, दुखत नाही, आणि पेनाचं टोक लावलं तर तिथे कळत नाही. तो कोरफडीचा विषय नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. वरोऱ्याचं आनंदवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर ज्या विदर्भात आहे, त्या विदर्भात हे सांगायला लाजू नये आणि ऐकायला घाबरू नये. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर बोटं जातात. बोट जाणं काय असतं, ते आम्हाला विचारा.

रस पिण्याबद्दल दोनच वाक्यं, कारण माझा विषय त्वचेचा आहे. अख्खं पान मिक्सरमध्ये फिरवून पिऊ नका. त्यात चीकही येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ साली कोरफडीच्या चिकाची जुलाबाची औषधं दुकानांतून काढायला लावली. गरोदर बाईनं, मूल अंगावर पाजणाऱ्या आईनं आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यानं तर डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

आता शेवटचं. माझ्या त्या कुंडीला यंदा पिल्लं भरपूर आली आहेत. रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून चोवीस घरांना चोवीस पिल्लं देणार आहे. ज्यांच्याकडे आधीची आहे त्यांनीही घ्या, ही आपल्या काळ्या मातीत नाही, रेतीच्या मिश्रणात लावलेली आहे. ह्यांनी प्रत्येक कुंडीवर रंगानं एक ओळ लिहिली आहे. सचिव असताना नोटीस लिहायचे, तेच अक्षर: ‘चीक काढून लावा. तीन दिवसांत फरक नाही तर डॉक्टर. शुगरवाल्यांच्या पायाला नाही.’

जिन्याशी खाली ठेवल्या आहेत. जाताना एकेक उचला. आणि आठवडाभर पाणी घालू नका.